ओढ्याच्या मधोमध सासूबाई

लग्न होऊन मी ज्या गावात आले ते निजामाच्या राज्याच्या अगदी काठावर होतं. चकलांब्याहून मावळतीला गाडीवाटेनं निघालं की आमचं गाव लागायचं, गाव संपलं की ओढा, आणि ओढ्यापलीकडे इंग्रज. इंग्रज म्हणजे तिथं कुणी गोरा साहेब खुर्ची टाकून बसला होता असं नाही. तिथंही आपलीच माणसं, तीच ज्वारी, त्याच बाभळी. पण त्यांचा कलेक्टर नगरला आणि आमचा तालुकदार बीडला. त्यांचा रुपया कलदार, आमचा हाली. आमच्या दुकानात दोन्ही चालायचे, आणि दोन्हींवर सासूबाईंचा विश्वास नव्हता.

विश्वास त्यांचा कशावरच नव्हता. आमचं घर वाण्याचं, शिवाला मानणारं. सकाळी कपाळाला भस्म लागलं की घरचे दुकानाची फळी उघडत आणि सासूबाई तोंड उघडत. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. मुलगा म्हणजे माझा नवरा, आमचे 'घरचे', एवढा गरीब स्वभावाचा की त्याच्याशी भांडायला बसलं तर भांडणाराच कंटाळायचा. मग उरले मी.

गंमत अशी की त्या माझ्यावर चिडायच्या ते माझ्यासाठी नव्हेच. शेजाऱ्यानं गाडी वाटेत आडवी लावली, बोलणी मला. मारुतीच्या देवळाचा गुरव उशिरा उठला, बोलणी मला. वरच्या आळीनं सांडपाणी खालच्या आळीत सोडलं तर तव्यावर टाकलेली भाकरी उलटायच्या आत मी त्या सांडपाण्याची मालकीण व्हायची. "ह्या गावाला कुनी धनी हाय का न्हाई?" असं त्या मला विचारत. मला! पाटलाला कोण विचारणार? बायांनी पारासमोरून जाताना पायातल्या चपला हातात घ्यायच्या आणि मान खाली घालून पुढं सटकायचं, अशी रीत. म्हणून पाराला ऐकवायचं ते सगळं सासूबाई घरी आणत आणि माझ्या पुढ्यात ओतत.

मीही काही गरीब गाय नव्हते. मला राग लवकर येतो, अजून येतो. तोंडानं बोलायची सोय नव्हती, म्हणून मी भांडी आपटायची. आमच्या घरची पितळी भांडी पाहिली तर लग्नानंतरच्या पहिल्या दोन वर्षांचा सगळा इतिहास पोचे मोजून सांगता येईल. माहेरी गेले की आईला म्हणायची, मला सुख हवंय ते एवढंच, की ह्या बाईनं एक दिवस तरी सकाळी गप्प बसावं. देवानं ते ऐकलं, पण कसं ऐकलं ते पुढं येईलच.

त्या साली गिरदावर, म्हणजे महसुलाचा फिरता अंमलदार, गावात आला आणि चावडीवर सांगून गेला की सरकार गावाला विहीर देणार आहे, फक्त ती कुठं पाडायची ते गावानं एकमतानं कळवावं. गावाला आनंद झाला. मग गावाच्या लक्षात आलं की एकमत करायचं तर सगळ्यांनी एका जागी बसायला हवं, आणि सरकारची तर गश्ती, म्हणजे फर्मान, निघालेली की परवानगीशिवाय सभा भरवायची नाही. बरं, परवानगी मागायला दोघं तहसील कचेरीत गेले, तर तिथल्या कारकुनानं सांगितलं, सभेत काय ठरणार ते आधी कळवा, मग परवानगीचं बघू. दोघं परत आले ते हसत आले की रडत आले हे त्यांच्या तोंडावरून कळत नव्हतं.

तोड निघाली ती आमच्या दुकानात. खालच्या आळीतला एक म्हातारा गूळ घ्यायला आला होता. तोंडात खडा टाकून तो म्हणाला, "त्यात काय? ओढ्याच्या पल्याड जाऊन बसू. निजामाची गश्ती इंग्रजाच्या रानात चालती का?"

घरच्यांचा तागडीवरचा हात तसाच राहिला. हे कुणाला सुचलंच नव्हतं.

पौषातली उन्हं होती, रानं मोकळी होत आली होती. ठरल्या दिवशी सकाळची कामं उरकून गावातले झाडून सगळे पुरुष धोतरं वर खोचून ओढ्यात उतरले आणि पलीकडच्या एका पडीक तुकड्यात बाभळीखाली जाऊन बसले. त्या रानाचा मालक इंग्रजाच्या हद्दीतला एक साधा कुणबी होता. आपल्या बाभळीखाली दुसऱ्या राज्यातलं अख्खं गाव येऊन बसलेलं पाहून तो आधी घाबरला, मग त्याला बरं वाटलं, आणि थोड्या वेळानं तोही विहीर कुठं पाडावी ते सांगू लागला. तेव्हा आमच्या म्हाताऱ्यानं त्याला सुनावलं, "तू इंग्रजाचा. तू गप बस बे." बिचारा स्वतःच्या रानात गप्प बसला.

राहिले पोलीस पाटील. त्यांची मोठी अडचण. ते वरच्या आळीचे, विहीर आपल्या आळीत यावी असं त्यांनाही वाटे. पण सभेत बसावं तर नोकरी जाईल, आणि सभा पाहिली म्हणून कचेरीत कळवावं तर गाव तोंड दाखवू देणार नाही. त्यांनी यावर काढलेला उपाय मी अजून विसरले नाही. ते ओढ्याच्या आपल्या काठावर घोंगडी टाकून बसले, सभेकडे पाठ करून. डोळ्यांनी सभा पाहिलीच नाही, मग कळवायची कशी?

आता या दोन्हींच्या मध्ये काय होतं, तर ओढा, आणि ओढ्यात धुण्याचे दगड. सकाळच्या वेळी गावातल्या बाया तिथंच असायच्या. आमचे दगड अगदी मधोमध, जिथं पाणी पोटरीपर्यंत असे. ओढ्याचा मध्य म्हणजे हद्द, असं सगळे म्हणत. म्हणजे सासूबाई गोधडी आपटत तेव्हा गोधडीचं एक टोक निजामाकडं असे आणि एक इंग्रजाकडं. खालच्या अंगाला, जरा लांब, गावकुसाबाहेरच्या बायांचे दगड होते. त्यांना या विहिरीबद्दल कुणी काही विचारलं नाही, आणि सासूबाईंच्याही ते मनात आलं नाही, हेही सांगून टाकते.

सभा सुरू झाली आणि पलीकडे आवाज चढले. पाटलांच्या पाठीला चैन पडेना. शेवटी त्यांनी गावाकडे तोंड ठेवूनच हाक मारली, "वैनी, पल्याड कशाचा गलका हाय?"

सासूबाईंनी हातातलं धुणं थांबवलं. त्यांनी सभेकडे पाहिलं, मग पाटलांच्या पाठीकडे पाहिलं.

"गलका कशाचा? चार मानसं बसल्याती."

"चारच?"

"चारच धरा."

"काय म्हनत्याती?"

"खालची आळी म्हनती, इहीर आमच्याकडं पाडा. तिकडं पानी वर हाय."

"त्यांना म्हनावं, वरच्या आळीला घरं जास्ती हायती."

सासूबाई वळल्या आणि पदर खोचून सभेला म्हणाल्या, "पाटील म्हनत्यात, वरच्या आळीला घरं जास्ती, खानारी तोंडं जास्ती, म्हून तान बी लई."

सगळं गाव हसलं. पाटलांचे खांदेही हलले. बाईमाणसानं सांगितलेलं म्हणजे कानावर आलेली गोष्ट, ती काही सभा होत नाही, असा हिशोब पाटलांनी मनाशी घातला असावा. त्या दिवसापासून त्यांचा प्रत्येक शब्द सासूबाईंच्या तोंडून जाऊ लागला आणि सभेचा प्रत्येक शब्द त्यांच्या तोंडून येऊ लागला.

येताजाता त्या शब्दाला जरा हात फिरवायच्या. एकदा खालच्या आळीतला एक तापट गडी ओरडला, "त्या पाटलाला म्हनावं, तू नुसता झोपा काढतो!" सासूबाईंनी वळून अगदी गोड आवाजात पाटलांना सांगितलं, "तुमची तब्येत बरी हाय का, इचारत्याती." पाटील म्हणाले, "बरी हाय म्हनावं, लई आभारी हाय." हे ऐकून तो तापट गडी एवढा ओशाळला की नंतर सबंध सभेत त्याचा आवाज निघाला नाही. मी शेजारच्या दगडावर धोतर बडवत होते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. एवढं गोड बोलता येतं या बाईला? मग हे गोड बोलणं घरी कुठल्या मडक्यात झाकून ठेवतात?

एका बैठकीत कुठलं एकमत होतंय? सभा दर आठवड्याला बसू लागली. आणि आमच्या घरी नवलच घडू लागलं. सासूबाई सकाळी उठत त्या गुणगुणत. भाकरी करपली तर म्हणत, "करपली तर करपली, खमंग लागती." शेजाऱ्याची गाडी वाटेत आडवी दिसली तर मला काही न बोलता त्या तडक ओढ्यावर जात आणि पाटलांच्या पाठीला ते ऐकवत, आणि संध्याकाळी गाडी बाजूला लागलेली असे. मला सुरुवातीला भीतीच वाटली. म्हातारं माणूस एकाएकी चांगलं वागू लागलं की घरातले एकमेकांकडे पाहतात, तसं मी आणि घरचे एकमेकांकडे पाहत होतो.

सभेच्या दिवशी धुणं हवंच. एकदा त्यांनी धुतलेली, घडी घातलेली गोधडी पाटीत टाकली.

"आत्याबाई, ही तर परवाच धुतली की."

"मग काय झालं? परवाचं परवा. आज न्हाई मळली?"

"घडीत कशी मळंल?"

"तुला कावून पायजे गं एवढी चवकशी? उचल."

उचलली. त्या दोन महिन्यांत आमच्या घरातलं कापड एवढं धुतलं गेलं की घरच्यांच्या धोतरातून पलीकडचं दिसू लागलं. दुकानात गिऱ्हाईक आलं की ते मांडी घालून बसत आणि वर पोतं ओढून घेत.

शेवटी माघात निकालाचा दिवस आला. दोन्ही आळ्यांचं बोलून झालं, पाटलांच्या पाठीचंही बोलून झालं. गूळवाला म्हातारा आता सभेत जरा पुढारी झाला होता. तो उठला, ओढ्याच्या काठाशी आला आणि म्हणाला, "काकू, समद्यांचं तुमी सांगितलं. तुमचं सोताचं काय म्हननं हाय?"

सासूबाईंनी हातातलं ओलं लुगडं दगडावर नीट पसरलं, पदर डोक्यावर पुढं ओढला, आणि म्हणाल्या, "आमच्या परसामागं लिंबापाशी पाडा."

"कावून?"

"मला जवळ पडती."

असा हशा पिकला! कारण तरी काय द्यावं माणसानं? पण म्हाताऱ्यानं हसणाऱ्यांना गप्प केलं आणि सासूबाईंचं म्हणणं इतरांसारखंच मांडलं. हात वर करा म्हणाला. लिंबासाठी हात वर झाले ते घरच्यांचे दोन्ही, आणि इंग्रज हद्दीतल्या त्या रानमालकाचा एक, जो धरलाच नाही. विहीर वरच्या आळीत ठरली, आणि कचेरीला ती एकमतानं ठरली असंच कळवलं.

मी मनात म्हटलं, आता घरी गेल्यावर माझी काही धडगत नाही. भांडी मोजूनच ठेवली. पण सासूबाई घरी आल्या, चुलीपाशी बसल्या आणि स्वतःच्या हातानं हुलग्याची शेंगोळी केली. घरचे जेवायला बसले. ते सभेतच होते, सगळं त्यांच्या समोर घडलेलं, तरी सासूबाईंनी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं.

"मला इचारलं," त्या म्हणाल्या. "भर सभेत उभं राहून इचारलं. काकू, तुमचं काय म्हननं म्हनून."

"पण माय, इहीर तर वरच्या आळीला गेली," घरचे म्हणाले.

"जाऊ दे की. इहिरीला काय पाय हायत, तिथंच ऱ्हाईल. मी जाईन चालत."

आणि त्यांनी मला आणखी शेंगोळी वाढली. मी ती खाल्ली, पण मला काहीही कळलं नाही. माझ्या मते सुख म्हणजे हवं ते मिळणं. इथं नको ते मिळालं होतं आणि बाई खुशीत होती.

विहीर झाली. पाणीही चांगलं लागलं. तहसील कचेरीला या गावच्या एकमताचं एवढं कौतुक वाटलं की तिनं आमच्या गावाला पाटलांच्या देखरेखीखाली पारावर बैठक भरवायची रीतसर परवानगी दिली. गावाला झाला हर्ष. आता चिखल तुडवायला नको, दुसऱ्याच्या रानात बसायला नको. पाटील आता तोंड पुढं करून बसणार. नारळ फोडला, गूळ वाटला, तो आमच्याच दुकानातून गेला.

पुढच्या सभेच्या दिवशी सासूबाईंनी नेहमीसारखी पाटी भरली. मीही निघाले. ओढ्यावर आलो तर पलीकडे कुणी नाही. बाभळीखाली तो रानमालक एकटाच बसला होता. त्यानं रान झाडून ठेवलं होतं.

"आज कुनी न्हाई का वो?" त्यानं हाळी दिली.

"गावातच बसल्याती आता," सासूबाई म्हणाल्या.

"असं व्हय," तो म्हणाला, आणि तसाच बसून राहिला.

आम्ही धुणं धुतलं आणि परत आलो. पारावर सभा भरलेली. आम्ही चपला हातात घेतल्या, मान खाली घातली आणि पुढं सटकलो. पाटील कुणाशी तरी हुज्जत घालत होते, आता त्यांना मध्ये कुणी लागत नव्हतं. दोन दिवसांनी कळलं की त्या दिवशी पारावर धक्काबुक्की झाली. गोड करून सांगणारं कुणी नव्हतंच ना.

मी मनाची तयारी केली होती की आता सकाळचं बोलणं पुन्हा सुरू होईल. ते झालं नाही. देवानं माझं ऐकलं ते हे. सासूबाई गप्प झाल्या. भाकरी करपली तर गप्प, कच्ची राहिली तर गप्प. शेजाऱ्याची गाडी वाटेत आडवी लागली, त्या वळसा घालून गेल्या. मी मुद्दाम एक तांब्या आपटला. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. मला त्या बाईची बोलणी हवी होती, आणि हे मी कुणाला सांगणार?

तशात एक दिवस घरचे पारावरून धावतच आले. त्यांचं तोंड आनंदानं फुललेलं.

"माय, तुझं काम झालं! इहिरीच्या पान्याचा पाट काढून धुण्याचा दगडी वटा बांधायचा ठरला. आन् कुठं, तर आपल्या परसामागं, लिंबापाशी! मी काय बोललोबी न्हाई. सभाच म्हनली, काकूंची लिंबाची लई हौस व्हती, इहीर न्हाई तर वटा तरी द्यावा."

सासूबाई जात्यापाशी बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "कुनी ठरीवलं?"

"सभेनं."

"मी कुठं व्हते?"

"तुला पायजे व्हतं तेच ठरलं की," घरचे म्हणाले.

"मला काय पायजे ते तुमाला कसं ठावं? वरीस झालं त्याला." आणि त्या उठून आत गेल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मी ताट घेऊन गेले तर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मला आधी राग आला. हवं ते दारात आणून दिलं तरी या बाईला खुपतं! मग त्यांच्या पाठीकडे पाहता पाहता मला गेल्या साली केलेली शेंगोळी आठवली, आणि माझा राग त्यांच्यावरचा उठला तो नीट चालत पाराकडे गेला.

ओटा बांधला, मोठा सुरेख. काळ्या दगडाचा, उताराचा, पाट खळखळत वाहतोय. सासूबाई त्याच्यापुढून पाटी डोक्यावर घेऊन ओढ्यावर जाऊ लागल्या. मीही त्यांच्या मागून. मग शेजारीण, मग तिची जाऊ. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. एकीला ओट्याचं पाणी जड वाटलं, एकीला दगड खरखरीत वाटला, एकीच्या म्हणे लुगड्याचा रंगच तिथं गेला. कोरड्या ओट्यावर शेळ्या चढून बसत आणि रवंथ करत. पारावर सभांमागून सभा झाल्या, की बाया ओट्यावर का येत नाहीत? कुणी म्हणालं बाहेरचं काही असेल, लिंबू उतरून टाका. लिंबू उतरून टाकलं. शेळ्यांनी ते खाल्लं.

एके दिवशी पाटील दुकानात तंबाखू घ्यायला आले. घरचे माल आणायला गेवराईला गेलेले, म्हणून मी दाराआडून माल देत होते. पाटील आपलेआपणच बोलल्यासारखं म्हणाले, "एवढा पैका घातला वट्यात, काय खोट हाय त्याच्यात काय कळंना."

मी पुरुषमाणसांशी बोलत नसे. पण राग आला की माझं तोंड मला विचारत नाही.

"वट्यात खोट न्हाई, पाटील," मी दाराआडून म्हटलं. "ठरीवताना बाया कुठं व्हत्या?"

पाटील दचकले. इकडंतिकडं पाहून म्हणाले, "पारावर बाया कशा येतील, सूनबाई?"

"न्हाई ना येत? मग तुमी या."

"कुठं?"

"जिथं यायचे तिथं."

"आता कशाला? आता तर गावात बसायची परवानगी हाय."

"ती तुमाला हाय," मी म्हटलं आणि तंबाखूची पुडी दाराबाहेर सरकवली. आत येऊन मी घटाघटा पाणी प्याले.

पुढच्या सभेच्या दिवशी आम्ही ओढ्यावर होतो. धुणं निम्मं झालं असेल नसेल, तोच गावाकडून बोलण्याचा आवाज आला. पाहते तर काय, झाडून सगळं गाव धोतरं खोचून ओढ्यात उतरतंय. गूळवाला म्हातारा दोघांच्या खांद्यावर हात टाकून पलीकडे पोचला. रानमालक बाभळीखालून धडपडत उठला आणि प्रत्येकाला हात देऊन वर ओढू लागला, जसे काही घरी पाहुणेच आले. पाटील आपल्या काठावर थांबले. खिशात परवानगी होती, कुणाची भीती नव्हती, तरी त्यांनी घोंगडी अंथरली आणि सभेकडे पाठ करून बसले.

"वैनी," ते म्हणाले, "पल्याड कशाचा गलका हाय?"

सासूबाईंचा हात थांबला. मग त्यांनी घसा खाकरला आणि सभेला विचारलं, "काय काम हाय?"

म्हातारा म्हणाला, "वटा कुठं असावा, ते ठरवायचं हाय, काकू."

ओटा बांधून झालेला. दगड बसलेले. सगळ्या गावाला ते माहीत. पण कुणी हसलं नाही. सासूबाईंनी ते वळून पाटलांना सांगितलं, "वटा कुठं असावा, ते ठरवायचं म्हनत्याती." आणि मग त्यांनी जी चौकशी मांडली! सकाळचं ऊन कुठून येतं, सांडपाणी कुणाच्या दारात जाईल, गुरांची वाट आड येती का, वरच्या आळीच्या बायांना लांब पडतं का. एकेका बाईला त्यांनी तिच्या दगडावर जाऊन विचारलं. बाया आधी लाजल्या, मग बोलू लागल्या, मग थांबेनात. उन्हं चांगली वर आली. पुरुषांना भुका लागल्या, पण उठायची कुणाची छाती झाली नाही.

शेवटी सासूबाई मधल्या खडकावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जिथं हाय तिथंच ऱ्हाऊ द्या."

"आँ!" तो तापट गडी ओरडला. "मग एवढं पानी तुडवून आमी आलो कशाला?"

"इचारायला," सासूबाई म्हणाल्या.

सगळ्यांचे हात वर झाले. रानमालकाचाही झाला, आणि या खेपेला तो धरला. सभा उठणार, तेवढ्यात पाटलांनी पाठमोऱ्यानंच विचारलं, "आन् सूनबाईचं काय म्हननं हाय?"

मी? मी आपली लुगडं पिळत होते. सगळं गाव माझ्याकडे पाहतंय. सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. पण विचारलं म्हटल्यावर काहीतरी शोधणं आलं.

"वट्यावर दुपारी ऊन लागतंय," मी म्हटलं. "लिंबाची सावली पल्याड पडती. दुसरं एक झाड लावा."

"झाड नको!" कोण म्हणालं? सासूबाई. मधल्या खडकावरून, दोन्ही काठांना ऐकू जाईल अशा आवाजात. "पाला पडंल धुन्यावर. पाखरं घान करत्याली. एक लिंब हाय तेवढा लई झाला."

मी म्हटलं, पाला झाडून काढता येतो. त्या म्हणाल्या, कोण झाडणार? मी म्हटलं, मी झाडीन. त्या म्हणाल्या, घरचं अंगण झाडत न्हाई ती वटा झाडती व्हय! सभेनं दोन्हीकडचं नीट ऐकून घेतलं आणि हात वर करायला सांगितलं. झाडासाठी हात वर झाला तो शेजारणीचा. घरच्यांनी एक हात अर्धा उचलला, आईकडे पाहिलं आणि त्या हातानं डोकं खाजवलं. मी हरले.

पाटी डोक्यावर घेऊन आम्ही निघालो. पुढं सासूबाई, मागं मी. लुगड्याचं पाणी मानेवरून पाठीवर गळत होतं. मी रागाची वाट पाहत होते. भर सभेत, गावादेखत, सासूनं मला पाडलं होतं. एवढ्या भांडवलावर मी महिनाभर भांडी आपटली असती. पण राग येईना. मला फार, फार आनंद झाला होता. गाडीवाटेवर एकटी असते तर मी मोठ्यानं गायलेही असते.

घरी आल्यावर सासूबाईंनी मला बसवलं आणि स्वतः चुलीपाशी बसल्या. ताटात भाकरी टाकली आणि तिच्यावर तूप सोडलं.

"हरलीस की गं, पोरी," त्या म्हणाल्या.

"व्हय, आत्याबाई."

"मीबी पयल्यांदा हरलते." त्यांनी आणखी थोडं तूप सोडलं. "पुढल्या सभेला दुसरं काय तरी मांड. झाडाचं न्हाई टिकायचं. मी हाय तिथं."

मी भाकरी मोडता मोडता, काय मांडावं याचा विचार करू लागले.